रोक्कानेराचा ओरेस्ते

खूप जुनी गोष्ट आहे. इटलीत तेव्हा फुटबॉल जाड चामड्याचा असे आणि पावसात भिजला की धोंड्यासारखा जड होई. त्या काळी रोक्कानेरा नावाच्या डोंगरगावात ओरेस्ते हा खाणकामगार राहत होता. खाणीत सुटलेला संगमरवराचा चिरा त्याने एकदा पाठीने थोपवून धरला, असं म्हणतात.

मैदानात तो गोलापुढे बचावाला उभा राही. शहरातल्या मोठ्या संघाने त्याला नेलं आणि चौदा वर्षं तो तिथं खेळला. त्याच्या अंगावर आलेला गडी एक तर मागे फिरे, नाही तर लंगडत बाहेर जाई. ओरेस्ते शर्ट ओढी, कोपर मारी आणि रेफरीने विचारलं तर आभाळाकडे बघत राही. तीनदा नाक मोडलं, पण त्याने मैदान सोडलं नाही.

चाळिशीला आल्यावर तो घरी परतला आणि गावच्या संघातून खेळू लागला. त्या वर्षीचा शेवटचा सामना खालच्या खोऱ्यातल्या वाल्दोराशी होता. खाणीच्या मालकाने सांगून ठेवलं होतं, हरलात तर संघ बंद, मैदानात मी दगड रचणार. बरोबरी झाली तरी गावाचं भागणार होतं.

धुकं असं उतरलं की एका गोलाजवळून दुसरा दिसेना. विसाव्या मिनिटाला ओरेस्तेची बरगडी मोडली. तेव्हा बदली खेळाडू नसत, म्हणून तो तसाच उभा राहिला. धुक्यात तो एकाच वेळी तीन ठिकाणी दिसत होता, असं वाल्दोराचे लोकच सांगत.

शेवटच्या मिनिटापर्यंत एकही गोल झाला नव्हता. मग गोलकीपर चिझेल्लो चिखलात घसरला आणि चेंडू मोकळ्या गोलाकडे निघाला. ओरेस्तेने अंग झोकून दिलं. चेंडू बाहेर गेला. गावाने श्वास सोडला. रेफरीने शिट्टी ओठांशी नेली, तेवढ्यात ओरेस्ते उठला.

"हाताला लागला," तो म्हणाला.

चिझेल्लोने त्याचा दंड धरला. "कोणी पाहिलं नाही, ओरेस्ते. गप्प राहा."

"मी होतो ना तिथं."

पेनल्टी दिली गेली. गोल झाला. मैदान गेलं.

वर्षभर गावात त्याच्याशी कुणी बोललं नाही. बेकरीत त्याला पाव मिळे, पण तो फळीवरून पुढे सरकवला जाई, हातात कुणी देत नसे. तो पुन्हा खाणीत जाऊ लागला. चौदा वर्षं लबाडी केलेल्या माणसाने त्याच दिवशी खरं का सांगितलं, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तो वारला तेव्हा बर्फाने वाट बंद झाली होती. वाल्दोराची माणसं फावड्यांनी बर्फ उपसत वर आली. त्यांनीच त्याची शवपेटी खांद्यावर घेतली. पेटीला वजनच लागलं नाही, असं म्हणतात.

वसंतात दोन्ही गावांनी डोंगराच्या मध्यावर जमीन सपाट करून नवं मैदान केलं. तिथं आजही रेफरी नसतो. ज्याची चूक, तोच हात वर करतो. खेळ थांबतो, बघणारे डोक्यावरच्या टोप्या काढतात, आणि मगच पेनल्टी मारली जाते.