टर्बोचं चाक आणि तेल

घाटात टर्बोच्या गाड्या नव्यानेच धावू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका जीपच्या टर्बोतलं, म्हणजे इंजिनाला जोर देणाऱ्या यंत्रातलं, चाक इंजिनाच्या गरम धुराने फिरायचं, चढावर लालबुंद तापायचं आणि तेल त्याचा ताप वाहून न्यायचं. माथा येताच मालक भास्करराव चटकन इंजिन बंद करत.

"चढ संपला की तुझी सोबतही संपते!" एकदा चाक रागावलं.

"संपते कुठे? इंजिन थांबलं की मला वाहता येत नाही. तुझ्यापाशीच करपतं मी," तेल म्हणालं.

चाक ओशाळलं. पुढच्या चढावर, भास्कररावांना ऐकू जावं म्हणून, ते जिवाच्या आकांताने किंचाळलं. माथ्यावर भास्कररावांचा हात चावीपाशीच थबकला.

"दमलीस गं बाई! घे जरा दम," ते जीपला म्हणाले.

इंजिन संथ घुमत राहिलं, तेल वाहत राहिलं. चाक निवलं, तेव्हाच त्यांनी चावी फिरवली.