थोरल्या भावाचे धनुष्य

डोंगराच्या पाठीवर वसलेल्या एका गावात धनुष्ये करणारा एक कारागीर राहत होता. त्या गावाचे सगळे जगणे मेंढरांवर चाले, आणि थंडी पडली की मेंढरांमागे लांडगे उतरत. म्हणून गावाने नियमच करून ठेवला होता, की थंडीच्या दिवसांत दर घरातल्या एका तिरंदाजाने पाळीपाळीने मेंढरे कोंडायच्या वाडग्यावर पहारा द्यायचा.

कारागिराचा हात नामी होता. कुणी धनुष्य मागायला आले, की तो आधी त्याची ओढ मोजे. कुणाचे हात लांब, कुणाचे आखूड. त्याप्रमाणे धनुष्याची दोरी कमी-जास्त मागे येते. तीच त्या माणसाची ओढ. तो गिऱ्हाइकाच्या हातात एक हलके धनुष्य देई, त्यावर बिनटोकाचा लांब बोरू लावी आणि म्हणे, "दोरी ओठाच्या कोपऱ्याला टेकेपर्यंत ओढा. खांदा उचलू नका, मान मागे टाकू नका." बोरू धनुष्याच्या काठीपाशी जिथे येई, तिथे तो कोळशाने खूण करी. तेवढ्या ओढीला पुरा जोर भरेल असेच धनुष्य तो घडवी. एखादा गडी छाती काढून म्हणे, "मला सगळ्यांत लांब ओढीचं द्या." कारागीर त्याला सांगे, "धनुष्य हाताच्या मापाचं लागतं बाबा, मिशीच्या मापाचं नाही."

कारागिराची बायको कधीच वारली होती. घरात एक मुलगा आणि त्याच्या पाठची एक मुलगी. मुलगा गावात सर्वांत उंच, हाताने लांब, नेमाचा पक्का. कारागिराच्या घरचा पहारा तोच देई. एका उन्हाळ्यात त्याला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याचे धनुष्य खुंटीला टांगलेले राहिले. बापाने हत्यारे बाजूला ठेवली. पुढे कितीतरी महिने त्याने कुणाशी धड शब्द काढला नाही.

थंडी आली, तशी पहाऱ्याची पाळीही जवळ आली. मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती, अंगाने लहानखुरी. ती म्हणाली, "बाबा, पहाऱ्याला मी जाते. माझी ओढ मोजा आणि मला एक धनुष्य करून द्या."

कारागीर उठला. त्याने खुंटीवरचे धनुष्य काढले आणि तिच्या हातात दिले. "नवं कशाला? हे आहे ना. तुझा दादा नाही, पण त्याचं धनुष्य तरी वाडग्यावर उभं राहील."

मुलीने दोरी ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आणली. धनुष्य अर्धवट वाकले, पण त्यात जोर भरला नाही.

"अजून चार बोटं मागे ओढ," बाप म्हणाला.

तिने ओढली. खांदा कानाला लागला, मान मागे गेली, हनुवटी वर झाली. बाण सुटला तेव्हा दोरीचा फटका बसून तिच्या डाव्या हातावर निळा वळ उठला.

"होईल सवय," बाप म्हणाला. हे वाक्य त्याने आजवर एकाही गिऱ्हाइकाला ऐकवले नव्हते.

महिनाभर मुलगी रोज सराव करत होती. वाडग्याची राखण करणारा म्हातारा मेंढपाळ येता-जाता ते बघे. एक दिवस तो कारागिराच्या दारात येऊन बसला.

"कारागिरा, पोरीच्या हाताला ते धनुष्य मोठं आहे. ओठापाशी थांबली तर बाण पोचत नाही, आणि आणखी मागे ओढली तर तिला समोरचं दिसत नाही. मी काय तुला शिकवणार? माप घे तिचं."

कारागिराचा चेहरा ताठ झाला. "काका, धनुष्य माझ्या घरचं आहे. ते कुणाच्या हाती द्यायचं ते माझं मी बघेन."

"तुझी मर्जी," म्हातारा म्हणाला आणि काठी टेकत निघून गेला.

तो गेल्यावर कारागिराने बोरू हातात घेतला. मुलगी अंगणातच होती. हाक मारायची, खूण करायची, एवढेच काम. पण माप घेतले की नवे धनुष्य करावे लागणार. नवे झाले की थोरल्याचे पुन्हा खुंटीला जाणार, आणि तिथून ते काढणारे कुणी उरणार नाही. त्याने बोरू जागच्या जागी ठेवला.

पौषातल्या एका सकाळी धुके दाट होते. वाडग्याच्या एका बाजूला मुलगी पहाऱ्यावर होती, दोघे तिरंदाज पलीकडे होते. म्हातारा मेंढरे सोडायला दार उघडत होता, तेवढ्यात धुक्यातून लांडगा आला. मेंढरे बिथरली, म्हातारा खाली पडला, आणि लांडगा त्याच्यावर गेला.

मुलीने दोरी ओठापर्यंत ओढली. नेम बरोबर होता. बाण सरळ गेला आणि लांडग्याच्या दहा पावले अलीकडे गवतात पडला.

दुसरा बाण तिने जीव खाऊन ओढला. मान मागे गेली, लांडगा नजरेआड झाला, आणि उजव्या खांद्यात काहीतरी तुटले. बाण कुठे गेला ते तिला कळलेच नाही. पलीकडचे दोघे धावत आले तेव्हा लांडगा पळाला होता. म्हातारा दारातच पडला होता. दुपारी त्याने प्राण सोडला.

वैद्याने मुलीचा खांदा बांधला. कारागिराला बाहेर बोलावून तो म्हणाला, "दुखणं जाईल. पण हा हात आता खांद्याच्या वर उचलला जायचा नाही."

गावाने कारागिराला काही विचारले नाही. म्हाताऱ्याच्या बायकोनेही त्याला किंवा मुलीला दोष दिला नाही. तेच त्याला सर्वांत जड गेले. मुलगी रोज सकाळी डाव्या हाताने घागर उचलून त्या म्हातारीचे पाणी भरायला जाऊ लागली.

एक दिवस तिला उंबऱ्यात अडवून बाप म्हणाला, "धनुष्य झेपत नव्हतं तर तू बोलली का नाहीस? एकदा तरी सांगायचंस."

मुलगी हळूच म्हणाली, "दादा गेल्यापासून तुम्ही जेवत नव्हता, बाबा. मी त्याचं धनुष्य ओढायला लागले आणि तुम्ही ताट संपवायला लागलात. मग कशी सांगणार होते?"

मुलगी त्याच्या बाजूने वाट काढून पाण्याला निघून गेली. तो दाराला धरून तसाच उभा राहिला. तिची चाहूल ऐकू येईनाशी झाली, तरी त्याला आत जाववेना आणि तिच्यामागे जाण्याचीही हिंमत होईना.

तात्पर्य इतकेच, की जो माणूस समोर उभा आहे त्याचेच माप घ्यावे. गेलेल्याच्या मापाने जिवंताला ओढायला लावले, तर गेलेला परत येत नाही आणि जिवंत मात्र मोडून जातो.