साळूची गोष्ट पाणवठ्यावर

करवंदीच्या जाळ्यांनी गच्च भरलेल्या एका जंगलात एक साळू राहत असे. अंगावरचा गळून पडलेला काटा घ्यायचा आणि पळसाच्या ओल्या पानांवर गोष्ट कोरायची, हा तिचा छंद. यंदा तिने एका चिचुंद्रीने पुराची नदी कशी ओलांडली, त्याची गोष्ट लिहिली होती. गोष्ट झकास जमली होती, पण मुलांनो, पळसाचे पान ते! ऊन तापले की त्याचा चुरा होणार. त्याआधी ती चार जणांनी वाचावी, म्हणून साळूचा जीव नुसता वरखाली होत होता.

जंगलातल्या निवडक गोष्टी हत्ती सालींवर कोरून घेई आणि त्या मानाने जपल्या जात. साळू आधी त्याच्याकडे गेली. हत्ती म्हणाला, "ठेव त्या ढिगावर. तुझ्या आधी पुष्कळ जण आहेत. पावसाळा सरला की बघू." ढिगाच्या तळाशी कासवाच्या पानांची केव्हाच माती झाली होती. साळूने आपली पाने उचलली आणि गुपचूप बाहेर पडली.

वाटेत कोल्हा भेटला. "साळूताई, अशी गोष्ट मी जन्मात वाचली नाही!" पहिले पानही न उलटता तो म्हणाला. "तुमच्या बिळातले कंद तेवढे मला द्या. माकडांना बसवून ढीगभर प्रती काढतो. ससेभाऊंच्या कविता मीच काढल्या!" हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, तशी साळू कंद आणायला पळत सुटली. पण वाटेतच सशाचे घर होते. तिने सहज आत डोकावले, तर घरभर कवितांची पाने! पिल्ले त्यांच्यावरच झोपलेली.

"वाचतं कोण हे सगळं?" साळूने विचारले.

"प्रती काढणं कोल्ह्याचं काम, वाचक शोधणं माझं," ससा ओशाळून म्हणाला. "घेऊन जा ना थोडी. अंथरायला फार मऊ असतात."

साळू हिरमुसली. पाणी प्यायला पाणवठ्यावर आली, तर तिथे ही मोठी रांग. उन्हाळ्यात तिथे कुणी कुणाची शिकार करायची नाही आणि प्रत्येकाने आपल्या पाळीची वाट बघायची, हा त्या जंगलाचा रिवाज. हरणे ताटकळली होती, रानडुक्कर जांभया देत होते, वाघ शेपटीने माशा हाकत बसला होता. कुणालाच काही उद्योग नव्हता. त्यांच्याकडे बघता बघता साळूचे डोळे चमकले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने पाठीवरचा एक सैल काटा काढला आणि गोष्टीचे पहिले पान काठच्या जांभळाच्या खोडावर टोचून दिले.

दुसऱ्या दिवशी दुसरे पान लागले, ऐन पुरात येऊन थांबणारे. मग काय विचारता! तहान नसलेलेही रांगेत उभे राहू लागले. वाघ तर साळूला आडवाच आला. "चिचुंद्री बुडाली की तरली, तेवढं सांग. मग पाणी पितो."

"उद्याचं पान वाचा, वाघोबा," साळू म्हणाली. वाघाला असे सांगताना तिला केवढी मजा वाटली!

शेवटचे पान लागले, त्या दिवशी हत्तीही आला. त्याने गोष्ट उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाला, "चुकलंच माझं. ही आजच सालीवर कोरून घेतो." रांगेच्या टोकाला कोल्हा तोंड लपवून तेच पान वाचत होता, या वेळी अगदी खरोखर. साळू आनंदाने घरी निघाली, तोच मागून ससा धापा टाकत आला. पाठीवर कवितांचा भारा होता.

"साळूताई," तो लाजत म्हणाला, "दोन काटे उसने देशील?"

तात्पर्य : आपले लेखन कोण छापून देतो, एवढेच पाहू नये, ते वाचकापर्यंत कोण पोहोचवतो, हे पाहून वाट निवडावी.