थोरल्या मडक्याची साय

भांड्यांना पाय होते आणि मिजासही होती, तेव्हाची गोष्ट. थोरल्या मडक्यातलं चमचाभर विरजण नेऊन ओढ्यापलीकडच्या गाडग्यांनी आपलं दही लावलं. तेव्हापासून मडकं म्हणे, "मी तुमची आई. रोजची साय इकडे पाठवायची." साय आणायला बोका जाई आणि निम्मी वाटेतच चाटून टाकी.

एके दिवशी गाडग्यांनी तोंडावर झाकणं ओढून घेतली. "आमचं दूध, आमची साय," त्यांनी आतूनच सांगितलं. बोका कोरड्या मिशांनी परतला.

मडकं रागानं आंबू लागलं. आंबता आंबता इतकं आंबलं, की त्याला स्वतःचाच वास सहन होईना. शेवटी सगळं दही उकिरड्यावर ओतून ते स्वच्छ धुऊन आलं. ताजं दूध भरलं, पण विरजण कुठून आणणार?

मग मडकंच ओढा ओलांडून गेलं. "चमचाभर विरजण मिळेल का?"

"न्या की," धाकटं गाडगं म्हणालं. "तुमच्याच कायद्यानं आता आम्ही तुमची आई झालो. साय मात्र तुमची तुम्हीच खा."

मडकं ओशाळलं. मागे उभा असलेला बोका हळूच म्हणाला, "एवढं उदार होऊ नका हो."