वाऱ्याखालचे घर

वाऱ्याचा अभ्यास करण्यात सारी हयात घालवलेले एक वृद्ध अभियंते एकदा आपल्या शिष्यासह एका उघड्या पठारावर मुक्कामाला आले. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. शिष्याचे नाव उन्मेष. हुशार, कष्टाळू आणि थोडासा उतावळा. तीन वर्षे ऊन-पाऊस न पाहता त्याने या पठारावरचा वारा मोजला होता, आणि आता तिथे पवनचक्क्यांची एक रांग उभी करायचा आराखडा त्याने तयार केला होता.

आराखडा खरोखरच देखणा होता. पावसाळ्यात ढगांनी सूर्य झाकला की सौरऊर्जा मंदावते, आणि नेमका तेव्हाच या पठारावर वारा बेभान सुटतो. तो वारा फुकट जाऊ द्यायचा आणि दुसरीकडे कोळसा जाळत राहायचे, हे उन्मेषला मनापासून खुपत असे. त्याची तळमळ सच्ची होती, याविषयी कुणी शंका घेऊ नये.

आता सारे ग्रामसभेवर अवलंबून होते. दुसऱ्या दिवशी सभा होती, आणि गावाने नकार दिला तर उन्मेषची कंपनी हे पठार कायमचे सोडून देणार होती. वरच्या गावाकडून उन्मेषला भीती नव्हती. सरपंचांना तो अनेकदा भेटला होता. विरोध निघाला तो कड्याखालच्या, पूर्वेकडच्या चार घरांच्या वस्तीतून. "अडाणीपणा आहे, गुरुजी. उद्या मी त्यांना आकडेवारीने पटवून देतो," उन्मेष म्हणाला.

गुरुजी उठले. काठी घेतली आणि चालू लागले. पठाराच्या कडेला, जिथे वाऱ्याचा जोर सर्वांत जास्त होता, तिथे उन्मेषने लाल फडके बांधलेली एक खुंटी ठोकली होती. साऱ्या आराखड्यातली ही त्याची सर्वांत लाडकी जागा. गुरुजी तिथे थांबले. वारा पाठीवर घेऊन त्यांनी खाली वस्तीकडे पाहिले. मग वाकले, दोन्ही हातांनी खुंटी हलवून हलवून उपटली आणि खांद्यावर टाकून सरळ उतरणीला लागले.

 म्हातारपणी गुरुजींची बुद्धी फिरली की काय, अशी शंकासुद्धा उन्मेषच्या मनात येऊन गेली. तो मागोमाग गेला.

वस्तीतल्या पहिल्याच घरापुढे भागीरथीबाई तिवईवर उभ्या राहून ज्वारी उफणत होत्या; भुसा वाऱ्यासोबत उडत होता. विरोधाची खरी सूत्रधार हीच बाई, असे सरपंचांनी सांगितले होते. गुरुजींनी खुंटी त्यांच्या उंबऱ्याशी ठेवली आणि हात जोडले.

"बाई, ही आम्ही तुम्हाला न विचारता ठोकली. चूक झाली."

भागीरथीबाई उंच तिवईवरून खाली उतरल्या. पदराने तोंडावरचा भुसा पुसला.

"आमच्याकडं पायलीभर जवारी उफणायची म्हटली तरी आधी वारा जिकडं जातो त्या वाऱ्याखालच्या घरी सांगावा जातो," त्या म्हणाल्या. "बायांनो, पाणी झाका, वाळवण उचला, असं सांगून मगच माणूस तिवईवर चढतं. आन् रास झाली की दाण्यांचं पहिलं सूप त्या घरी पोचतं, कारण भुसा त्यांनी खाल्लेला असतो. तुम्ही एवढं थोरलं यंत्र उभं करणार, आन् आमाला कळलं कधी? ह्या खुंटीला माजी शेळी अडखळली तवा!"

उन्मेषचे कान लाल झाले. तीन वर्षांत तो या अंगणात एकदाही आला नव्हता.

"खरं आहे," गुरुजी म्हणाले. "आवाज इकडेच येईल. संध्याकाळी पात्यांची सावली तुमच्या अंगणात फिरेल. रस्त्यासाठी उतार कापला तर पावसात माती घसरू शकते. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही."

"मग दुसरीकडं न्या की तुमचं यंत्र."

गुरुजी जवळच्या दगडावर टेकले. "नेता येईल. पण एक ऐका. तुमच्या घरात आज जो दिवा लागतो, त्यासाठी लांब कुठेतरी कोळसा जळतो. तिथंही वाऱ्याखाली कुणाचं तरी अंगण आहे. तिथल्या बायकांच्या वाळवणावर रोज राख पडते. त्यांना कधी सांगावा गेला नाही, आणि त्यांच्या घरी सूपही कधी पोचलं नाही."

 भागीरथीबाईंनी खुंटी उचलली. "चला," एवढेच म्हणाल्या आणि चढण चढू लागल्या. कड्यावरून फिरत, मावळतीचा अंदाज घेत, मुरमाच्या जुन्या खाणीपलीकडे, जिथून सावली वस्तीवर पडणार नाही अशा जागी, त्यांनी ती नव्याने रोवली.

परतताना उन्मेष कळवळून म्हणाला, "गुरुजी, तिथं वारा कमी आहे! आपली सगळ्यात चांगली जागा गेली."

"थोडी वीज कमी होईल, हे मान्य," गुरुजी म्हणाले. "पण लोक रस्त्यावर आडवे पडले, तर कितीही वारा असो, पातं जागचं हलत नाही. आणि जबरदस्तीनं हललंच, तर कोळसेवाल्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला? तू वारा जिथून येतो तिथपर्यंत अचूक मोजलास. तो पुढे कुणाच्या घरी जातो, तेही नियोजनातच येतं, बाळा. आपलं काम चांगलं आहे, म्हणून विचारायचं काम माफ होत नाही."

 त्या ओबडधोबड वाटेवर गुरुजींना हात देताना उन्मेषच्या मनात त्यांच्याविषयी अपार आदर दाटून आला.

दुसऱ्या दिवशी सभेत भागीरथीबाई उभ्या राहिल्या. सारे गाव कान टवकारून बसले.

"पवनचक्की येऊ द्या," त्या म्हणाल्या. "पर खाणीपलीकडं. रातीचा आवाज सोसंना झाला तर यंत्र बंद ठेवायचं, हे कागदावर पायजे. आन् काम सुरू व्हायच्या आधी वस्तीला नळाचं पाणी."

उन्मेषने प्रत्येक अट मान्य केली. हात वर झाले, ठराव झाला. लोक उठू लागले, तेवढ्यात भागीरथीबाई त्याच्याकडे वळल्या.

"त्या राखंच्या गावच्या बायांना सांगावा धाडशील का रं? म्हणावं, तुमच्या वाट्याचा थोडा भुसा आमी आमच्या अंगणात घेतलाय."

ते गाव कोणते, तिथे कोण राहते, उन्मेषला काहीच ठाऊक नव्हते. त्याचे डोळे भरून आले.

"धाडत नाही, आजी," तो म्हणाला. "शोधतो, आणि स्वतः जाऊन सांगतो."