सव्विसावी खेप

“मोटारसायकलच्या एका खेपेला जेवढं प्रदूषण होतं, ड्रोनच्या खेपेला त्याच्या पावच होतं. मग आता शंका कसली, बाबा?”

पुष्कराजने अहवाल पुढे सरकवला. डोंगरावरच्या मठात गोविंदगीर बाबा चुलीपाशी खिचडी ढवळत होते. ह्या पोराकडून पावकी-निमकीचे पाढे त्यांनीच पाठ करून घेतले होते, आणि पोर आता पर्यावरणतज्ज्ञ झालं म्हणून म्हाताऱ्याला कोण कौतुक. पोरगं हुशारच. पण हुशारी डोक्यात गेली की माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो, त्यातली गत.

संध्याकाळपर्यंत त्याची सही झाली की साठ गावांत घरपोच ड्रोन सुरू होणार होते. आठ दिवस चाचणी ह्या मठावरच चालली होती. सहीआधी त्याला बाबांची शाबासकी हवी होती.

“आधी जेव,” बाबा म्हणाले.

ताटं वाढली तोच घरघर ऐकू आली. ड्रोन अंगणात उतरला, खोकं ठेवून गेला. बाबांनी ते उघडलं.

आत एक लिंबू.

पुष्कराजला हसू फुटलं. “एका लिंबासाठी?”

“खिचडी टाकली नि वाटलं, वर लिंबू हवं होतं.”

“पूर्वी असं वाटलं तर काय करायचात?”

“तसाच जेवायचो.”

पुष्कराजचं हसू जरा ओसरलं. “आठ दिवसांत किती खेपा मागवल्यात, बाबा?”

“ही सव्विसावी.”

“आणि आधी?”

“किसन मापारी मंगळवारी मोटारसायकलवर आठवड्याचा सगळा बाजार आणायचा. एकदाच.”

पुष्कराजने घास ताटात ठेवला. अहवालात त्याने एका खेपेशी एकच खेप ताडून पाहिली होती. खेपा वाढतील हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“सव्वीस पाव साडेसहा,” तो पुटपुटला.

“पाठ आहे अजून,” बाबा खुशीत म्हणाले.

पुष्कराज चिडला. खरं तर स्वतःवरच, पण शिष्य हक्काने चिडणार कुणावर? “ही चूक ड्रोनची नाही, बाबा. तुमची आहे.”

बाबांनी लिंबू चिरलं. मोठी फोड त्याच्या ताटात पिळली.

“खरंय रे बाळा. यंत्रात काही खोट नाही. आठ दिवसांत बिघडलो तो मी...”

त्यांनी अहवाल उचलला, पानं चाळली, डोळे बारीक करून पुन्हा चाळली.

“ह्यात माझा रकाना कुठाय?”