देवाची बिनबुडाची पाटी

एका राज्यात एक चौरंग होता, आणि त्यावर बसायला कुणी माईचा लाल तयार नव्हता.

चौरंग साधाच, काळ्या दगडाचा. पण मान मोठा. जो त्यावर बसेल तो राज्याचा राजशोधक. सरकारी धान्यात, सरकारी धनात कुणी हात मारला ते हुडकून काढायचं, हे त्याचं काम. हाताखाली चाळीस कारकून, दारात दोन भालदार, डोक्याला जरीची पगडी. एवढं असूनही जागा रिकामी. कारण गेल्या काही वर्षांत तिघे बसले आणि तिघांचाही दगड झाला.

त्याचं असं, की जुन्या काळी शोधक नुसत्या झोपा काढायचे. म्हणून तेव्हाच्या राजाने जादूगाराकडून चौरंगाला शापच घालून घेतला. राज्यात चोरी चालू असेल, तर बसणाऱ्याच्या अंगावर दगड चढणार. पहिल्या दिवशी गुडघ्यापर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी सूर्य बुडाला की डोक्यापर्यंत. झोपेचा प्रश्न मिटला, पण शोधकही मिटले. ते तिघे दरबाराच्या अंगणात मांडून ठेवले होते. एकाच्या पगडीत चिमणीने घरटं केलं होतं.

तर त्या दिवशी राजा हंसध्वजाने भर दरबारात विचारलं, "आहे का कुणी बसणारा?"

सगळा दरबार आपापल्या जोड्यांकडे बघायला लागला. जोड्यांत एकाएकी फार बघण्यासारखं काहीतरी आलं होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कोण हसलं?"

"मी, महाराज. भिवरा मापाडीण."

ही बाजारात धान्य मोजायची. मोजता मोजता गिऱ्हाइकाची फिरकी घ्यायची. बाजाराचा नजराणा पोचवायला आली होती. तो पोचवून गप घरी गेली असती तर ही गोष्टच झाली नसती.

"हसायला काय झालं?"

"एवढे मोठमोठे मिशीवाले, आणि एका पाटाला घाबरतात, म्हणून."

सेनापती लालेलाल झाले. "मग तू बसून दाखव!"

"दाखवते की!" असं म्हणून भिवरा ठसक्यात पुढे आली आणि टेकली.

टेकल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. उठायला गेली, तर उठवेना. पावलं गार पडली. अंगठा हलवून बघितला, तर अंगठ्याने काही ऐकलं नाही.

राजाने तिच्या डोक्यावर जरीची पगडी ठेवली. दिवाण अंबाजीपंत पुढे आले. शांत, पिकलेले गृहस्थ, कधी कुणाला अरे म्हटलेलं नाही. ते हळूच म्हणाले, "उगाच बसलात हो भिवराबाई. पाणी घेता का?"

"घेते, पंत," भिवरा म्हणाली. तिला रडूच येत होतं, पण सेनापती बघत होते.

आता कामाला तर लागायला हवं. चाळीस कारकुनांनी धान्याच्या कोठाराच्या वह्या आणल्या. वहीत जेवढं लिहिलं तेवढंच धान्य आत. दाणा इकडचा तिकडे नाही. आधीचे तिघेही इथेच अडकले होते. वही बरोबर, कोठार बरोबर, आणि अंगावर दगड.

कोठाराच्या छपरावर एक साळुंकी राहायची. ती बोलायची. त्या राज्यात बऱ्याच साळुंक्या बोलायच्या, पण ही कामाचं बोलायची.

"तीन कामं करशील तर सुटशील," साळुंकी म्हणाली. "पहिलं. जे शेतकऱ्याच्या पोत्यातून निघालं पण सरकारच्या वहीत पोचलं नाही, ते मूठभर आणून दे."

"असं काही असतं का?"

"ते मला विचारू नकोस. शोधक तू आहेस."

चालता तर येत नव्हतं. मग कारकुनांनी चौरंगासकट भिवराला उचललं. वीस वर्षं लोडाला टेकून बसलेली माणसं ती. चार पावलांत धापा टाकायला लागली.

"बाईसाहेब, जरा हलक्या व्हा ना!"

"दगड होतेय रे बाबांनो, हलकी कुठून होऊ? उचला!"

कोठाराच्या दारात तिला ठेवलं. बाहेर गाड्यांची रांग, शेतकरी सारा भरायला आलेले. प्रत्येकाने वीस पायल्या द्यायच्या. भिवराला हलता येत नव्हतं, म्हणून ती नुसती ऐकत बसली. हे बरंच झालं. आधीचे तिघे दरबारातच वह्या चाळत बसले होते, त्यामुळे त्यांनी कोठाराच्या दारात कधी कान दिलाच नव्हता.

सरकारी मापाडी मोजत होता. "लाभ... एक... दोन... तीन..."

भिवराचे कान टवकारले.

आता बाजारातल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं, की पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. शुभ असतं. आणि त्याच्यापुढे थेट 'दोन'. लाभ, दोन, तीन. इथे लाभ झाल्यावर पुन्हा एक येत होता! शेतकरी घरून वीस मोजून आणायचा, इथे एकोणीस भरायचे. मग तो बिचारा डोकं खाजवत गाडीत बाजारासाठी ठेवलेल्या पोत्यातून आणखी एक पायली काढून द्यायचा.

आणि ती लाभाची पायली? ती मापाडी पोत्यात ओतत नव्हता. बाजूला एक वेताची पाटी होती, तिच्यात ओतत होता. सकाळपासून तीनशे पायल्या ओतल्या, तरी पाटी भरली नव्हती. पाटीला बूडच नव्हतं. धान्य आत पडायचं आणि नाहीसं व्हायचं.

"ही पाटी कुणाची रे?" भिवराने विचारलं.

"देवाची."

"कुठल्या देवाची?"

"ते विचारायचं नसतं, आक्का. सात वर्षांपूर्वीचा हुकूम आहे. दरबारातल्या सगळ्यांच्या सह्या आहेत त्यावर."

भिवराचं तोंड उतरलं. कारण हा 'लाभ, एक, दोन' तिने याआधी ऐकला होता. सात वर्षांपूर्वी ती स्वतःच्या भावाची गाडी घेऊन इथे आली होती. तेव्हा तिला वाटलं, सरकारी माणसांना मोजता येत नाही. घरी जाऊन तिने सगळ्यांना नक्कल करून दाखवली. हसून हसून पोट दुखलं होतं. बस, एवढंच. कुणाला काही सांगितलं नव्हतं. आजही तिने कारकुनांना सांगितलं नाही. डोक्यावर जरीची पगडी असताना कसं सांगायचं?

पुढची लाभाची पायली पडताना तिने मध्येच हात घातला, मूठभर दाणे झेलले आणि साळुंकीला दिले. साळुंकीने खाल्ले. "छान आहेत. आता दुसरं काम. दरबारातला असा माणूस शोध, जो सही करायच्या आधी वाचतो."

तोवर दगड गुडघ्याला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवराने तो जुना हुकूम मागवला. त्यावर अठ्ठावन्न सह्या. राजाची, सेनापतीची, तिच्या चाळीसच्या चाळीस कारकुनांची.

"हे वाचलं होतंत का रे तुम्ही?"

कारकून एकमेकांना कोपरं मारायला लागले. शेवटी एकजण म्हणाला, "बाईसाहेब, वरच्याची सही असली की आपण खाली करायची. इथे असंच असतं."

"मग सगळ्यात वरच्याने तरी वाचलं असेल?"

"ते महाराज. त्यांना वाटतं, आपल्यापर्यंत आलं म्हणजे खालच्यांनी वाचलं असेल."

भिवराच्या डोळ्यांत चमक आली. असली चमक आली की बाजारात लोक आपापली टोपी सांभाळायचे. तिने एक कोरा कागद घेतला आणि कारकुनाकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं: 'शके अमुक, मिती तमुक, आम्ही खाली सही करणारे राजीखुशीने कबूल करतो, की येत्या सोमवारी मिशा उतरवून, डोक्याला केळीचं पान बांधून, बाजारात फुगड्या घालू.'

कागद दरबारात फिरला. सेनापतींनी झोकात सही केली. राजाने जेवता जेवता केली, वर आमटीचा डागही दिला. दुपारपर्यंत सत्तावन्न सह्या झाल्या. कारकुनांनीही केल्या. ज्याने लिहिला त्यानेसुद्धा केली!

एकाच माणसाकडून कागद सही न होता परत आला. दिवाण अंबाजीपंतांकडून. समासात बारीक अक्षरात टीप: 'मिशांचा उल्लेख अनावश्यक वाटतो. फेरविचार व्हावा.'

कारकून पोट धरधरून हसले. भिवरा मात्र हसली नाही. तिला त्यांनी दिलेलं पाणी आठवलं.

तिने चौरंग पंतांच्या दारी न्यायला सांगितला. आता तो उचलायला सोळा जण लागले.

"पंत, तो सात वर्षांपूर्वीचा हुकूम. देवाच्या पाटीचा. त्यात काय लिहिलं होतं, आठवतं?"

"'कोठारी येणाऱ्या प्रत्येक भरण्यातील प्रथम माप देवकार्यार्थ वेगळे काढून, मोजणी तदनंतर आरंभावी,'" पंत एका दमात म्हणाले. आणि जीभ चावली. अठ्ठावन्न सह्यांमध्ये तो हुकूम पाठ असलेला एकच माणूस होता.

"चांगली आठवण आहे," भिवरा म्हणाली.

"वय झालं तरी आहे," पंत म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

साळुंकी कुंपणावर येऊन बसली. भिवराच्या कानाशी तिने तिसरं काम सांगितलं. "आता चोराने आपण होऊन बोलायला हवं. तू विचारायचं नाहीस. मारायचं नाहीस. नाव घ्यायचं नाहीस."

"मग करू काय?"

"आधीच्या तिघांना मी एवढंच सांगितलं होतं, की कुणाला मारू नका. त्यांनी चाबूक काढले. सत्तेचाळीस माणसांनी मार खाऊन गुन्हा कबूल केला. एकानेही केला नव्हता." एवढं बोलून ती उडाली.

तिसऱ्या दिवशी दुपार कलली. दरबार भरला. भिवरा मधोमध, दगड खांद्यापर्यंत. बोटं दगडाची, हात दगडाचे. बाजारातली माणसंही आली होती. तिचा भाऊ खांबाला धरून उभा होता.

राजाने विचारलं, "शोधक, चोर कोण? नाव सांगा, आत्ता सुळावर चढवतो."

"नाव सांगता येत नाही, महाराज."

"मग मरशील!"

भिवराने खिडकीकडे बघितलं. ऊन भिंतीवर वर वर सरकत होतं. तिला भयंकर भीती वाटत होती. आणि भीती वाटली की तिच्या तोंडून जे खरं असतं ते निघायचं.

"महाराज, एक सांगायचंय. चोरी मला सात वर्षांपूर्वीच कळली होती. मी कानाने ऐकली होती. मापाडीण आहे मी, मला कळायलाच हवं होतं, आणि कळलंही. मी नुसती हसले. घरी जाऊन नकला केल्या. तेव्हाच बोलले असते तर हे तिघे आज घरी नातवंडं खेळवत असते. ही चूक माझी आहे."

तेवढ्यात भिवराच्या खांद्यावरून दगडाची एक ढलपी निसटून खाली पडली.

चाळीस कारकुनांनी ती बघितली. पहिला उठला. "बाईसाहेब, मी हुकूम न वाचता सही केली." दुसरी ढलपी पडली. दुसरा कारकून उठला. "मीही." मग तिसरा, मग चौथा. त्या दरबाराची सवयच तशी होती, वरच्याने केलं की खालच्याने करायचं. पण आज सवय कामाला आली. मापाडी म्हणाला, "मला माहीत होतं की एक पायली जास्त जातेय. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो." सेनापती उठले, बसले, पुन्हा उठले. "मला... मला वाचायला चष्मा लागतो. लाज वाटते म्हणून लावत नाही." शेवटी राजा सिंहासनावरून खाली उतरला. "माझी सही सगळ्यात वर आहे. मीही वाचलं नव्हतं. आणि कालच्या कागदातही काय होतं ते मला अजून ठाऊक नाही."

"ते नंतर सांगते, महाराज," भिवरा म्हणाली.

दगड छातीपर्यंत उतरला. तिथेच अडला. ऊन आता छताला टेकलं होतं. हळूहळू दगड पुन्हा वर चढायला लागला. गळा. हनुवटी.

अंबाजीपंतांकडे कुणीच बघत नव्हतं. बघायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी बघितलं नाही. पंत आपल्या जागी बसून हाताची बोटं मोडत होते.

"भिवराबाई," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की पुढच्या रांगेलाच ऐकू गेला. "ती पाटी माझी आहे."

हनुवटी मोकळी झाली.

"सात वर्षांपूर्वी कोठारात पाणी शिरलं. मी मेहुण्याच्या मेजवानीला गेलो होतो. दार उघडं राहिलं. आठशे पोती सडली. सांगायला हवं होतं. पण माझ्यावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि मला ते ठेवू द्यायचं नव्हतं. मग जादूगाराकडून पाटी घेतली, हुकूम लिहिला. दोन वर्षांत तूट भरून निघाली."

"मग?" राजाने विचारलं.

"मग थांबायला हवं होतं." पंतांनी डोळे पुसले. "नाही थांबलो. पाच वर्षं ते सगळं माझ्या तळघरात पडतंय. मी चोर आहे, महाराज."

कडाड् कड् असा आवाज झाला. चौरंग दुभंगला. दगडाच्या ढलप्या पटापट गळाल्या. अंगणातले तिघे शोधक एकदम शिंकले, एकाने पगडीतली चिमणी हळूच हातात घेतली आणि विचारलं, "वार कोणता आज?" राजाने जुना हुकूम तिथल्या तिथे फाडला, पंतांचं तळघर उघडायला माणसं धाडली, आणि शेतकऱ्यांची पायली न् पायली घरपोच करायला सांगितली. मापाडी दारातून ओरडला, "लाभ! दोन! तीन!" भिवराचा भाऊ रडतही होता आणि हसतही होता.

भिवरा उठली. हात झटकले, पाय झटकले. सगळं ठीक. फक्त डाव्या हाताची करंगळी अजून दगडाचीच.

तिने करंगळीकडे बघितलं. मग पंतांकडे बघितलं. विचारलं मात्र काही नाही.

पंत घुटमळले. पांढऱ्या मिशीवरून एकदा हात फिरवला.

"बरं," ते म्हणाले. "घरातला चांदीचा झोपाळासुद्धा त्याच धान्याचा."

करंगळी हलली नाही.

"आणि जावयाचा घोडा," पंत म्हणाले. "खोगिरासकट."